औजारावरची अक्षरे वाचा



तांब्या-पितळेच्या भांड्यावर घातलेले नाव आपण हौसेने वाचतो. कुणाच्या लग्नातले, कुठल्या मामाने दिले, साल कोणते, सारे कळते. पण पडवीतल्या खोक्यातली कुदळ, पटाशी, कानस यांच्यावरची अक्षरे कोण वाचतो? भंगारवाला येतो, काट्यावर टाकतो आणि किलोच्या भावाने घेऊन जातो. देऊ नका असे मी म्हणत नाही. देण्याआधी एकदा वाचा, एवढेच म्हणतो.

माझीच चूक सांगतो. वडिलांच्या पेटीत आजोबांची एक पटाशी होती. गंज फार चढला होता, म्हणून वेल्डिंगच्या दुकानात नेऊन चाकावर चकचकीत करून आणली. घरी येऊन पाहतो तो इंग्रजीतली शेवटची चारपाच अक्षरे उरलेली, ‘फील्ड’ एवढीच. इंग्लंडातले शेफील्ड शहर पोलादी हत्यारांसाठी नावाजलेले. तिथलीच असावी, पण कारखान्याचे नाव कायमचे गेले. वडीलही तेव्हा हयात नव्हते. विचारणार कुणाला?

म्हणून पहिला नियम असा, की चाक नको, पॉलिश कागदही नको. औजार रात्रभर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून ठेवा, विस्तवापासून दूर. सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशाने हलके घासा आणि कोरड्या फडक्याने पुसा. मग अंधारात बॅटरी आडवी धरा. खोल अक्षरांत सावली पडते आणि वाचता येते. तरीही लागले नाही, तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा. मुले नाण्याचा छाप काढतात तसा छाप उठेल.

अक्षरे कुठे शोधावीत? कुदळ-फावड्यावर नेढ्याजवळ, करवतीवर मुठीकडच्या पात्यावर, कानशीवर शेपटीजवळ, रंध्याच्या लोखंडी पात्याच्या वरच्या टोकाला.

आता साल कसे काढायचे ते पाहू. ‘जी. आय. पी.’ अशी अक्षरे असतील तर तो हातोडा किंवा पाना जुन्या रेल्वेचा. ती रेल्वे १९५१ साली मध्य रेल्वेत आली, तेव्हा वस्तू बहुधा त्याआधीची. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलेली पक्कड १९४९ ते १९९० या काळातली, कारण तो देश त्या नावाने तेवढीच वर्षे होता. आय. एस. आय.चा शिक्का असेल तर १९५५ च्या आधीची वस्तू नव्हे. ‘टिस्को’ असेल तर बहुधा २००५ च्या आधीची; त्या साली कंपनीचे नाव टाटा स्टील झाले.

आपल्याकडचा लोखंडी नांगर घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात तो केला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने सुरुवातीला कुणी तो घेईना. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. तेव्हा नांगरावर वाडीचे नाव असेल तर तो १९१० नंतरचा. ‘लिमिटेड’ असेल तर १९२० नंतरचा, कारण लिमिटेड कंपनी त्या साली झाली. मात्र फाळ पाहून साल ठरवू नका. फाळ झिजतो, बदलतो. मूळ अंग पाहा. दांड्याचेही तसेच.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. अशी खूण बहुतेक वेळा ‘याच्या आधीची नाही’ किंवा ‘याच्या नंतरची नाही’ एवढेच सांगते. नेमके साल क्वचितच मिळते. दोन-तीन खुणा जुळल्या तरच बोट ठेवावे.

आणि ज्यावर काहीच अक्षर नाही ते? ते बहुधा गावच्या लोहाराच्या हातचे. त्यावर दोन खाचा, तीन टिंबे अशी खूण दिसेल. सावडीला औजारे एकत्र झाली म्हणजे आपले ओळखू यावे म्हणून घरोघर अशी खूण करीत. ती कुठल्या कारखान्याच्या यादीत सापडायची नाही. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच ठाऊक.

तेव्हा येत्या अमावास्येला औतकाठी बंद असेल, तेव्हा खोके अंगणात ओता. आजोबांना, आजींना शेजारी बसवा. मुलांना वही द्या. औजार कोणते, अक्षरे कोणती, कुणी आणले, कोणत्या विहिरीच्या कामाला वापरले, हे सारे लिहून घ्या. दांड्याला जवसाचे तेल लावा. मग ठेवायचे की विकायचे ते घरच्यांनी बसून ठरवा. माझ्या पटाशीबद्दल वडिलांना विचारायला दहा मिनिटे लागली असती. ती दहा मिनिटे मी काढली नाहीत.