निवड यंत्राची, निकष कोणाचा?

बियाण्यासाठी कणसं बाजूला काढणाऱ्या बाईच्या मनात एक हिशेब पक्का असतो. कुणाला टपोरा दाणा हवा असतो, कुणाला कमी पाण्यावर तगणारा. जशी निवड, तसं पुढच्या साली पीक. मैत्रिणींनो, बिनतारी इंटरनेटचे टॉवर कुठे उभारायचे, हे ठरवण्याचीही अशीच एक रीत आहे!

समजा, तालुक्यात टॉवरसाठी २० जागा आहेत. प्रत्येक जागेपुढे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं. तरी वेगवेगळे आराखडे होतात १०,४८,५७६! जागा वाढल्या, की सगळे तपासणं संगणकालाही झेपत नाही. मग तो आधी थोडे आराखडे कसेही करतो आणि प्रत्येकाला गुण देतो. चांगल्यांच्या जोड्या लावतो. एकाचा काही भाग, दुसऱ्याचा काही भाग घेऊन नवा आराखडा करतो, मधूनच त्यात एखादा बदल करतो. कमी गुणांचे बाद. अशा शेकडो पिढ्या गेल्या, की बरंच चांगलं उत्तर हाती येतं. जॉन हॉलंड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये ही कल्पना पुस्तकरूपात मांडली. तिला ‘जेनेटिक अल्गोरिदम’ म्हणतात.

पण खरी गोम आहे ती गुणांत. गुण कशाला द्यायचे, हे माणूसच ठरवतो. ‘कमी खर्चात जास्त ग्राहक’ एवढाच निकष दिला, तर बाजारपेठेचं गाव जिंकणार आणि डोंगरापलीकडची चाळीस घरांची वाडी गळणार. त्यात यंत्राचा काय दोष? २०२० मध्ये शाळा मोबाईलवर आली, तेव्हा रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसलेली मुलं आपण विसरलेलो नाही.

यावर उपायही आपल्याच देशात निघाला आहे. आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची २००२ साली प्रसिद्ध झालेली पद्धत दोन निकष एकदम तोलते, जसं की खर्च आणि पोहोच. ती एकच उत्तर देत नाही. इतका खर्च केला तर इतक्या वाड्या, असे अनेक पर्याय पुढे ठेवते. त्यातून निवडायचं माणसानेच.

मग त्या निवडीत आपण का नसावं? ग्रामीण भागातल्या सेवेसाठी सरकारचा निधी आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ नाव दिलं. तेव्हा ग्रामसभेत नुसतं ‘टॉवर कधी येणार?’ विचारू नका. ‘आराखडा करताना आमची वाडी मोजली का?’ हेही विचारा. त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. बियाणं निवडणाऱ्या बाईला निकषाचं महत्त्व कुणी शिकवायला नको.