औषध आमच्या अंगावर, नोंद कुणाच्या वहीत?

औषध बाजारात आले म्हणजे त्याची परीक्षा संपली, हा समज खोटा आहे. त्याआधी ते साधारण काही हजार लोकांवर तपासलेले असते. दहा हजारांत एखाद्यालाच होणारा दुष्परिणाम तिथे बहुधा दिसत नाही. तो दिसतो लाखो लोक औषध घेऊ लागल्यावर, आणि तेही कुणी मोजत असेल तरच. या मोजणीच्या शास्त्राला फार्माकोएपिडेमिऑलॉजी म्हणतात. आमचा सवाल एवढाच, की या मोजणीत आम्ही कुठे आहोत?

२००९ मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वयाच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लस दिली गेली. खम्मममध्ये त्यातल्या कितीतरी मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसत नाही, असे चौकशी समितीने सांगितले. आम्हीही लसीला दोष देत नाही. पण २०१३ च्या संसदीय स्थायी समितीच्या अहवालानुसार आंध्रातील ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती आणि दुष्परिणाम टिपण्याची व्यवस्था तोकडी होती. लस सुरक्षित असल्याचा भक्कम पुरावा जगभरच्या मोजणीतून आला. ज्या मुलींचे दंड वापरले, त्यांची धड मोजणी झालीच नाही.

काही शहाणे म्हणतील, औषधाला जात कळत नाही. खरे आहे, रक्तात जात नसते. पण रक्तक्षय, कुपोषण, गटारातले काम, उशिरा मिळणारा डॉक्टर हे सगळे या देशात जातीच्या उतरंडीनेच वाटले गेले आहे. औषध पडते ते याच शरीरात. तरीही दुष्परिणामांच्या सरकारी फॉर्मवर वय, लिंग, वजन आहे. सामाजिक गटाचा रकाना नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जात विचारू शकते, मग इथेच अडचण काय?

म्हणून मित्रांनो, ‘गोळी घेऊ नका’ अशी अफवा पसरवणे हा आपला मार्ग नव्हे. नोंद मागणे हा आपला मार्ग आहे. वस्तीत कुणाला औषधाने त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा, फॉर्म भरून द्या. सामाजिक गटाचा रकाना मागा. आईबापांच्या भाषेत समजावून घेतलेली संमती मागा.

ज्यांची नोंद नाही त्यांचा त्रासही नाही, असे धरले जाते. ते आम्हाला मान्य नाही.

जय भीम!