नळाची तपासणी टप्प्याटप्प्याने करा

दवाखान्यात तापाचे शंभर रुग्ण आले, तर आम्ही शंभरांचा एक्स-रे काढत नाही. आधी सगळ्यांची नाडी आणि ताप बघतो. संशय आला तर रक्त तपासतो. एक्स-रे मोजक्यांचाच. पैसा वाचतो, आजारही वेळेत सापडतो. सरकारी योजनांचीही तपासणी अशीच हवी.

भातसा आणि तानसा धरणं शहापूर तालुक्यात. पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. मुरबाडच्या वाड्यांतही बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरलेला नाही. म्हणून २०१९ ची जलजीवन मिशन योजना आपल्यासाठी महत्त्वाची. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात यायला हवं. २०२४ ची मुदत २०२८ पर्यंत वाढली आहे. या वाढीव काळात तीन टप्प्यांत तपासणी करा.

पहिला टप्पा मे महिन्यात, प्रत्येक वस्तीत. नळाला पाणी येतं का? किती दिवसांआड? शेवटच्या घरापर्यंत पोचतं का? तिथेच जलसुरक्षकाने ओ.टी. चाचणी करावी. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरिन आहे. रंग आलाच नाही, तर जुलाब-काविळीचा धोका समजा. याला खर्च फारसा नाही.

दुसरा टप्पा फक्त दोष सापडला तिथे : पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. तिसरा टप्पा : तरीही प्रश्न सुटला नाही तिथे इंजिनिअरने पाइपलाइन तपासावी, तीही ठेकेदाराचं शेवटचं बिल निघण्याआधी.

हे अशक्य नाही. २००७ साली आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख राज्यात आधी ५ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत ठाणे होतं. लोकांनी सेवांना हिरवा, पिवळा, लाल शेरा दिला, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना जाब विचारला. नंतर ते काम इतर जिल्ह्यांत गेलं.

एक अट मात्र हवी : प्रत्येक वस्तीची नोंद वेगळी. गावाची सरासरी काढली, की बुद्धवाडीचा आणि आदिवासी पाड्याचा कोरडा नळही कागदावर वाहू लागतो.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल, तेव्हा एक वही घाला. कोणत्या घरी किती दिवसांनी पाणी आलं, ते लिहा. महिनाभराची नोंद ग्रामसभेत वाचा आणि इतिवृत्तात घ्यायला लावा.