भजीचा बाजारभाव

भजीची किंमत किती, हा प्रश्न मला पहिल्यांदा एका फॉर्मने विचारला. नाव, वय, रंग, ओळखीची खूण, जात आणि त्याखाली ‘अंदाजे बाजारभाव’.

भजी मला जुलै २०२२ मध्ये वाकडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली. धो धो पाऊस पडत होता आणि कोपऱ्यावरच्या भज्यांच्या गाडीखालून ती थेट माझ्या बाइकखाली आली, म्हणून भजी. जात इंडी, म्हणजे साधी गावठी. तिचा बाजारभाव शून्य होता. खरं तर शून्याच्याही खाली, कारण सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी ती जावी म्हणून पैसे दिले असते. मी एजंटला फोन केला. तो म्हणाला, “सर, पाच हजार टाका. सगळे तेवढंच टाकतात.” मी टाकले.

तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं. आज वाटतं की तो रकाना बघूनच मी फॉर्म बंद करायला हवा होता.

मी पेट इन्शुरन्सच्या विरोधात लिहितो आहे, त्यामुळे आधी एक गोष्ट साफ करतो. मला कंपनीने फसवलं नाही. जे घडलं ते सगळं पॉलिसीत लिहिलेलं होतं. माझी तक्रार तीच आहे.

जानेवारी २०२५ मध्ये मी पॉलिसी घेतली. हप्ता वर्षाला ४,२०० रुपये, म्हणजे महिन्याला ३५०. ऑफिसमधला मित्र म्हणाला होता, “एका बिर्याणीचे पैसे आहेत रे, घेऊन टाक.” जूनमध्ये पहिल्या पावसानंतर भजीने खाणं सोडलं. दुसऱ्या दिवशी हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स १८ हजार. गोचीडताप. त्या रात्री क्लिनिकच्या बाकावर बसून मी तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर रक्तदाता कुत्रा शोधत होतो. पहाटे बाणेरहून एक काका त्यांचा लॅब्रेडॉर घेऊन आले. त्याने रक्त दिलं, पारलेजीचे दोन पुडे खाल्ले आणि घरी गेला. काकांनी पेट्रोलचेसुद्धा पैसे घेतले नाहीत.

भजी वाचली. बिल झालं ३८,४०० रुपये. आईचा सोलापूरहून फोन आला, “किती झाले रे?” मी म्हणालो, “बारा हजार.” ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “बारा?” खरा आकडा मी तिला अजून सांगितलेला नाही.

क्लेम नाकारला गेला. कारण सप्टेंबर २०२४ ची एक चिठ्ठी. तेव्हा भजीला किरकोळ ताप होता, डॉक्टरांनी गोचीडतापाची शंका लिहून डॉक्सिसायक्लिन दिलं होतं. कंपनीचं म्हणणं, हा आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे. गंमत म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या ते अशक्य नाही. एर्लिकिया नावाचा जिवाणू शरीरात महिनोन्‌महिने दबा धरून बसू शकतो आणि नंतर वर येऊ शकतो. म्हणजे आपल्याकडे कुत्र्यांना जो आजार सर्रास होतो, तोच नेमका ‘आधीपासूनचा’ ठरवायला सगळ्यात सोपा.

मग मी ते केलं जे पॉलिसी घेण्याआधी करायला हवं होतं. एक्सेल शीट उघडली आणि भजीचा तीन वर्षांचा खर्च मांडला. लसी आणि जंतांची औषधं ११,०००. नसबंदी ७,५००. गोचीड होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या १४,४००. पोट, कान, खाज यांच्या किरकोळ फेऱ्या ९,३००. आणि तो ताप ३८,४००. एकूण ८०,६००.

यातले पहिले ४२,२०० रुपये माझ्या पॉलिसीत मुळात बसतच नव्हते. लसी नाहीत, नसबंदी नाही, ॲडमिट न करता झालेले उपचार नाहीत. वर अशी अट की लसी वेळेवर दिल्या नसतील तर त्या आजारांचा क्लेमही नाही. ठीक आहे, विमा किरकोळ खर्चासाठी नसतोच, मोठ्या संकटासाठी असतो. मग मोठं संकट घेऊ. समजा उद्या भजीच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि ऑपरेशनला ७०,००० लागले. माझ्या पॉलिसीची मर्यादा ४०,०००. त्यातला २० टक्के वाटा माझा. हातात येणार ३२,०००, खिशातून जाणार ३८,०००. हे सगळं काही हरकत न घेता क्लेम मंजूर झाला तर.

विम्याचं गणित साधं आहे. जो धक्का क्वचित बसतो पण बसला तर माणूस उभाच राहू शकत नाही, तो धक्का थोडे थोडे पैसे देऊन दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा. म्हणून टर्म इन्शुरन्स घ्यावा, आईवडिलांचा आरोग्यविमा घ्यावा. माझी पॉलिसी याच्या उलटी होती. छोटा खर्च माझा, प्रचंड खर्चही बहुतांश माझा, आणि कंपनी फक्त मधल्या पट्ट्यात उभी. तो मधला पट्टा पगारदार माणूस थोडी शिस्त ठेवली तर स्वतः उचलू शकतो.

हे असं का, याचं उत्तर मला दिवाळीत मामाच्या गोठ्यात मिळालं. मामाकडे मंगळवेढ्याजवळ चार पंढरपुरी म्हशी आहेत. प्रत्येकीच्या कानात विम्याचा बिल्ला. जनावर दगावलं तर डॉक्टरचा दाखला आणि तो बिल्ला दाखवावा लागतो. बिल्ला नाही तर भरपाई नाही. किंमत ठरते वयावर, दुधावर, बाजारावर. सरकार हप्त्यातला काही वाटा उचलतं. मी त्याला भजीच्या क्लेमची कहाणी सांगितली. तो वैरण टाकता टाकता म्हणाला, “म्हशीचा विमा म्हशीसाठी नसतोय बाळा. आपल्यासाठी असतोय.”

म्हैस मेली तर मामाच्या घरातलं उत्पन्न मरतं. तिथे बाजारभाव हा योग्य प्रश्न आहे आणि विमा ही योग्य वस्तू. माझ्या फॉर्मवरचा रकाना गोठ्यातून उठून सरळ वाकडच्या फ्लॅटमध्ये आला होता. भजी मेली तर मला पाच हजार मिळतील असं त्या पॉलिसीत लिहिलं होतं. मला ते पाच हजार नको आहेत. मला ती मरायला नको आहे. या दोन गरजा वेगळ्या आहेत, आणि तो कागद पहिल्या गरजेच्या भाषेत बोलत होता.

“पण परदेशात सगळे घेतात.” सगळे नाही. अमेरिकेत १९८२ मध्ये पहिली पॉलिसी टीव्हीवरच्या लॅसीच्या नावाने निघाली, पण तिथेही आज बहुतांश पाळीव प्राण्यांचा विमा नसतो. स्वीडनमध्ये मात्र बहुतेक कुत्र्यांचा असतो. तिथे कुत्र्याचा विमा १९२४ पासून आहे आणि प्रत्येक कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे. एवढे निरोगी कुत्रे एकाच पेटीत पैसे टाकतात तेव्हा आजारी कुत्र्याला नीट पैसे देता येतात. आपल्याकडे ती पेटी लहान आहे, म्हणून तिला इतकी कुलपं आहेत.

आता माझ्या बाजूतली कच्ची जागा. “स्वतः पैसे साठवा” म्हणणं सोपं आहे, पण कुत्रा तिसऱ्याच महिन्यात आजारी पडला तर? तेव्हा खात्यात तीन हजार असतील. हा आक्षेप खरा आहे. ज्याच्याकडे आज पन्नास हजार बाजूला नाहीत त्याने एक-दोन वर्षं पॉलिसी घ्यावी, पण ती टेकू म्हणून, आणि त्याच वेळी स्वतःचा फंड भरत राहावं. जर्मन शेफर्ड किंवा लॅब्रेडॉरचं निरोगी पिल्लू आणलं असेल, त्याच्या कागदावर एकही आजार नसेल, तरी विचार करावा. पण या जातींमध्ये आढळणारं खुब्याचं दुखणं पॉलिसीत धरलंय की वगळलंय ते आधी वाचावं. आणि कुत्रा कोणाला चावला तर द्यावी लागणारी भरपाई ज्या पॉलिसीत आहे, तेवढ्या भागाला मी खरा विमा म्हणेन. तो धक्का किती मोठा असेल हे आपल्याला आधी कळत नाही.

बाकीच्यांसाठी माझं म्हणणं असं. वेगळं खातं उघडा, पगाराच्या दिवशी हजार रुपये आपोआप जाऊ द्या. गोचिडीच्या गोळ्या चुकवू नका. मादी असेल तर नसबंदी करा, गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार त्याने टळतो. औंधचं सरकारी पशुचिकित्सालय, परळचं बाई साकरबाई रुग्णालय अशी ठिकाणं गरज पडण्याआधी एकदा बघून या. आपला कुत्रा धडधाकट असेल तर त्याचं नाव रक्तदात्यांच्या ग्रुपवर टाका. आणि आईवडिलांचा आरोग्यविमा नसेल तर हा लेख इथेच सोडून तो आधी घ्या.

यानंतर एकच काम उरतं आणि ते सगळ्यात अवघड आहे. आपण जास्तीत जास्त किती खर्च करू शकतो, तो आकडा शांत डोक्याने, कुत्रा शेजारी घोरत असताना ठरवायचा. रात्री दोन वाजता क्लिनिकच्या बाकावर नाही. मला वाटतं, पॉलिसी विकत घेताना आपण खरं तर या प्रश्नापासून सुटका विकत घेतो. महिन्याला ३५० रुपयांत वाटतं की आता हिशेब दुसरं कोणीतरी करेल. पण त्या रात्री डॉक्टर कंपनीला नाही, मलाच विचारत होते, “पुढे जायचं ना?”

पॉलिसी मी पुन्हा भरली नाही. भजीच्या खात्यात आज ९,००० रुपये आहेत. माझा आकडा मी ठरवला आहे. तो बाजारभावापेक्षा पुष्कळ जास्त आहे आणि मला हवा होता त्यापेक्षा कमी. पुढच्या वेळी सोलापूरला जाईन तेव्हा आईला दोन्ही आकडे सांगणार आहे, हा आणि तो अडतीस हजारांचा.