गाडीला चोक, स्वतःला थेट टॉप गिअर

आमच्या त्र्यंबकला तिसऱ्या श्रावणी सोमवारनंतरचा मंगळवार हा गुडघ्यांचा वार असतो. ब्रह्मगिरीची लहान फेरी केली तरी सुमारे २० किलोमीटर, मोठी केली तर त्याच्या जवळजवळ दुप्पट. तीही पावसात, चिखलातून आणि खडीवरून, पुष्कळ जण अनवाणी. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर सुजलेले गुडघे, तळपायाचे फोड आणि आखडलेल्या पोटऱ्या रांगेने बसलेल्या असतात. त्यात आसपासच्या पाड्यांवरची माणसे फारशी दिसत नाहीत. त्यांना रोजचीच चाल असते. दिसतात ते पन्नाशीच्या पुढचे, वर्षभर खुर्चीवर बसणारे आणि एका रात्रीत सगळी कसर भरून काढणारे.

याच वर्गातले एक गृहस्थ माझ्या चांगले लक्षात आहेत. त्यांच्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. ही गाडी बनायची बंद होऊन पाव शतक लोटले, मुंबईच्या रस्त्यावरची तिची टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण यांची पद्मिनी अजून सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. फेरीहून आल्यावर त्यांना जिना उतरता येईना, म्हणून आले होते. तपासता तपासता गाडीचा विषय निघाला. "डॉक्टरसाहेब, महिनाभर उभी असलेली गाडी एकदम घाटात घालायची नसते. आधी ऑइल बघायचे, पाणी बघायचे, चोक ओढून जरा गरम होऊ द्यायची, मग जवळच एक चक्कर मारून आवाज ऐकायचा." मी विचारले, "आणि फेरीला निघण्यापूर्वी तुम्ही स्वतः किती चक्कर मारल्या होत्या?" ते हसले. बरोबर आलेल्या वहिनी मात्र हसल्या नाहीत.

जुनी गाडी सांभाळणे आणि लांब पल्ल्याचे चालणे, धावणे, सायकल चालवणे हे दोन्ही छंद मला मनापासून आवडतात. घरचे लोक दोन्हींवर एकच शेरा मारतात, "या वयात आता कशाला?" तिथे मी छंद करणाऱ्याच्या बाजूचा आहे. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर रविवारी पहाटे सायकली दिसतात, त्यात पिकलेल्या मिशाही असतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांचा संघ करून 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. भारतीयांमध्ये ते एकट्याने ती पुरी करणारे पहिले. लोकांना या शर्यतीतला सायकलस्वार तेवढा दिसतो. त्याच्यामागे रात्रभर दिवे लावून एक मोटार चाललेली असते आणि तिच्यात बसलेली माणसे त्याचे खाणेपिणे, झोप आणि वेग यांचा हिशेब ठेवत असतात. तुमच्याआमच्या मागे अशी मोटार नसते. तो हिशेब आपला आपणच ठेवावा लागतो.

आता शरीर म्हणजे मोटार ही उपमा आम्ही डॉक्टर लोक उठसूट वापरतो, पण ती एका मोठ्या जागी फसते. गाडी जितकी पळेल तितकी झिजते. तिचा पिस्टन चालल्याने जाड होत नाही. आपल्या स्नायूंचे उलटे आहे. ते वापराने वाढतात, हाडे भाराने घट्ट होतात, हृदय सरावाने कमी ठोक्यांत जास्त काम करू लागते. गुडघ्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला जातो, सुटतो, त्या हालचालीतूनच तिला पोषण मिळते. "धावून गुडघे झिजतील" हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकतो. बेताने आणि नियमित धावणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा लवकर झिजतात असे अभ्यासांत दिसलेले नाही. गुडघ्याचे खरे वैरी दोन, जास्तीचे वजन आणि जुनी दुखापत. शेडमध्ये झाकून ठेवल्याने गाडी कदाचित टिकेलही. माणूस टिकत नाही.

मात्र हे बळ कमवायला वेळ लागतो. ज्यांना श्रावणात फेरी करायची आहे त्यांनी वैशाखातच पायताण घालावे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, चालताना शेजाऱ्याशी बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतका वेग. शिवाय आठवड्यातून एक दिवस लांबची चाल, दर खेपेला थोडी थोडी वाढवत. चढापेक्षा उतार जास्त दुखावतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. मंगळवारी जिना उतरता येत नाही तो त्यामुळे. म्हणून सरावात थोडा उतारही हवा. आमच्याकडे ब्रह्मगिरीच्या पायऱ्या आहेत, त्यासाठी वेगळी फी पडत नाही.

खाजगी मोटार पंधरा वर्षांची झाली की आर.टी.ओ.कडे नेऊन पुन्हा पास करून घ्यावी लागते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. पन्नाशीच्या माणसाला असे कोणी बोलावत नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि आईवडिलांपैकी कोणाला लवकर हृदयविकार झाला होता का, एवढे तरी लांब पल्ल्याचे खूळ डोक्यात घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. नुसता झोपून काढलेला कार्डिओग्राम चांगला आला म्हणून निश्चिंत राहू नये. चढावर छातीत काही होत असेल तर ते चढावरच होते, पलंगावर नाही. अशांना पट्ट्यावर चालवून करायची तपासणी लागू शकते.

जुन्या फियाटवाल्यांना कसारा घाट ठाऊक आहे. उन्हात गाडी बंद पडायची, मग बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओला फडका ठेवायचा आणि वाट पाहायची. दुसरा उपाय नव्हता आणि कोणाला त्यात कमीपणाही वाटत नसे. तोच माणूस ब्रह्मगिरीच्या चढावर छाती जड झाली तर म्हणतो, "ॲसिडिटी आहे," आणि बरोबरचे पुढे जातील म्हणून रेटतो. वाचकहो, चढताना येणारा आणि थांबल्यावर ओसरणारा छातीतला दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणारी कळ, विनाकारण फुटलेला थंड घाम, हे गॅसेसचे लक्षण समजू नका. मधुमेही माणसाला तर काही वेळा दुखतच नाही, नुसता दम लागतो. तिथेच बसावे आणि १०८ ला फोन करावा. फेरी पुढच्या वर्षीही असते. ज्यांना मेहनतीची सवय नाही त्यांनी अचानक जबर श्रम केले तर झटक्याचा धोका त्या वेळेपुरता अनेक पटींनी वाढतो. सवय असणाऱ्यांत ही वाढ पुष्कळच कमी असते. माझा सगळा आग्रह आहे तो या सवयीसाठी.

आता शेडकडे येतो, कारण दोन्ही छंद असणाऱ्यांचा एक धोका मला फार सतावतो आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. आमच्याकडचा श्रावण म्हणजे धो धो पाऊस. रात्री शेडचे शटर खाली ओढून, आत दिवा लावून, चोक ओढून जुन्या इंजिनचे ट्यूनिंग चालते. चोक ओढला की इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड भरपूर तयार होतो. नव्या गाड्यांमध्ये धूर शुद्ध करणारे यंत्र असते, या जुन्या गाड्यांत ते नसते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो आणि मोकळ्या हवेत आल्यावरही निम्मा निघून जायला चार-पाच तास लागतात. म्हणजे रात्री बारापर्यंत शेडमध्ये काम करून पहाटे चारला धावायला किंवा फेरीला निघालेला माणूस प्राणवायू कमी वाहणारे रक्त घेऊन चढ चढतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद असतील, तर नेहमीपेक्षा लवकर छातीत दुखते. शेडमध्ये डोके दुखू लागले, मळमळले, गरगरले, तर ते जागरणामुळे किंवा पित्तामुळे असे न समजता बाहेर पडावे, आणि दोघांना एकदम त्रास होत असेल तर शंकाच नको. इंजिन चालू करायचे तर गाडी शटरबाहेर ढकलून काढावी. बंद शेडमध्ये हा वायू जीव घेतो, हे लिहिताना मी जराही अतिशयोक्ती करत नाही. आणि लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री स्पॅनर हातात घेऊच नये. बॉनेटवर तीन तास वाकलेली कंबर दुसऱ्या दिवशी साथ देत नाही ते वेगळेच.

बाकीचे थोडक्यात. नळीने तोंडाने पेट्रोल ओढू नये. ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो. गिळले गेले तर ओकारी काढायला लावू नका, तसेच दवाखान्यात आणा. ऑइलचे हात पेट्रोलने नव्हे, साबणाने धुवावेत. जुन्या ब्रेक लायनिंगच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, हे तर मेकॅनिकही सांगतो, तरी चेहरे भाजून लोक येतातच.

फेरी सोमवारी, म्हणजे उपवास आलाच. मधुमेहाच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घेऊन उपाशीपोटी वीस किलोमीटर चालणाऱ्याची साखर पहिन्याच्या पुढे कुठे तरी खाली येते. माणूस बडबडतो, घामाघूम होतो आणि लोकांना वाटते भक्तीने भारावला. अशांनी गोळ्यांचा डोस आधी विचारून घ्यावा, खिशात साखर ठेवावी आणि अनवाणी चालूच नये. बधिर पायाला काच टोचलेली कळत नाही. महादेवाचा चप्पल घालणाऱ्यांवर राग असल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. घाम गाळत तासन् तास भसाभस नुसते पाणी पिण्यानेही रक्तातले सोडियम घसरते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढे बरोबर ठेवले की पुरते. दुखेल म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन निघणे मूत्रपिंडाला महागात पडते. नंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, मंगळवारची वाट पाहू नये.

ज्यांना या वर्षी फेरीपूर्वी तपासून घ्यायचे आहे त्यांनी आषाढाआधी यावे आणि येताना चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर आणावीत. गाडीचा प्लग कोणत्या नंबरचा हे तोंडपाठ असणारी माणसे मला "ती पांढरी, गोल, छोटी गोळी" असे सांगतात.