ओळखी कशासाठी?

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादकरांनी (आताचे छत्रपती संभाजीनगरकर) एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींच्या! ओळखींची ताकद ही अशी. मग ती शिकण्यासाठी का वापरत नाही?

वाळूजला सामायिक सुविधांचं मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. पण यंत्रं वाटून घेतली म्हणून अक्कल वाटली जात नाही. मॅनेजर मॅनेजरला भेटला की पॅकेज आणि प्लॉट, बस्स! शेजारच्या शेडमध्ये डाय निम्म्या वेळात बदलतात, हे साहेबांना ठाऊक नसतं. ऑपरेटरला असतं, कारण दोन्हीकडचे ऑपरेटर चहाला एकाच टपरीवर येतात.

आपल्याचसारख्या दहा जणांकडून नवं काय ऐकणार? साहेब, ओळखी जरूर वाढवा... पण टपरीवरसुद्धा. आणि ऑपरेटरने काही सुचवलं, तर 'तुला काय कळतं' म्हणू नका!