पिन कुणाला सांगितलास?

बाईच्या खात्यातून पैसे गेले की बँकेत, पोलीस ठाण्यात, घरातही पहिला प्रश्न हाच. छेडछाडीची तक्रार करणाऱ्या बाईला ‘एवढ्या रात्री तिथे कशाला गेलीस?’ म्हणतात ना, त्याच जातीचा. मला त्याची चीड येते.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी ९४ कोटी रुपये लांबवले. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले, आपल्या कोल्हापुरातूनही निघाले. तिथे कोणत्या बाईने पिन सांगितला होता?

ग्राहकाची चूक होती हे बँकेनेच सिद्ध करायचे, असे रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक म्हणाले. पण त्यातच मेख होती : पिन सांगितला असेल, तर तक्रार देईपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. आता घराघरांत पाहा. खाते बाईचे, मोबाईल नवऱ्याचा, बँकेचे निरोप त्याच्याकडे. २०२४ मध्ये ‘लाडक्या बहिणी’चे दीड हजार खात्यावर येऊ लागले, आले की नाही, हे तिला तोच सांगणार. सांगितले तर! त्याला पिन न सांगण्याची तिची प्राज्ञा आहे का? पिठाच्या डब्यातली नोट निदान तिची होती. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने तीही उघड्यावर आणली.

म्हणून ‘ओटीपी सांगू नका’ हे शिकवायला साहेब बचत गटात आले, की मी विचारते : बाईच्या खात्याला नवऱ्याचा नंबर जोडताना तुम्ही तिला एकदा तरी विचारलेत का? आणि तक्रारीची लेखी पोच देणार की नाही?